थोरलं पातेलं

"थोरलं काढा," एवढंच आजी म्हणायची, आणि आज पंचवीस-तीस पानं उठणार हे घरात सगळ्यांना कळायचं.

थोरलं म्हणजे पितळेचं मोठं पातेलं. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ते पालथं घातलेलं असे. उतरवायला दोघं लागत. एकानं स्टुलावर चढून पुढे सरकवायचं, दुसऱ्यानं खाली उभं राहून पोटाशी धरून घ्यायचं. त्याचा गारवा परकर-पोलक्यातूनही पोटाला लागायचा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली पणजीच्या नावाची आद्याक्षरं होती आणि पुढे 'शके १८६१'. म्हणजे १९३९ साल. भांडीबाजारातून वजनावर घेतलेलं. अंगभर हातोडीच्या ठोक्यांच्या बारीक चकत्या, ओळीनं, एकीला एक लागून. या कामाला मठारकाम म्हणतात. ते दिसतं देखणं, पण त्याचं खरं काम वेगळं: ठोके खाऊन पत्रा कडक होतो.

थोरल्याला स्वभाव होता. घरात नव्यानं आलेल्या स्टीलच्या वाट्या-ताटल्यांना तो नव्हता. त्यांत काहीही ठेवा, कशानंही घासा. थोरल्याला मात्र रिकामं चुलीवर ठेवलेलं चालत नसे. आतून खसाखसा घासलेलं चालत नसे. बाहेरून त्याला चिंच लागायची, आतून चिंचेचा हातसुद्धा नको. पाणी रात्रभर ठेवलं तर खुशाल राहायचं. आंबट असेल तर जेवणं आटोपल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढायचं. पथ्यपाणी असलेल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी सांगावं तसं आजी हे सगळं सांगायची, आणि घरातल्या बायका ते तसंच पाळायच्या.

पुढे मी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. धातूंचा पाठ आला की फळ्यावर अभिक्रियाशीलतेची श्रेणी लिहायची: वर पोटॅशिअम, तळाशी सोनं. दर वर्षी ती लिहिताना मला वाड्यातली ती वरची फळी दिसायची आणि तिच्यावर पालथं पडलेलं थोरलं.

धातूचा स्वभाव म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन टाकायला तो किती उतावीळ आहे, एवढंच. पोटॅशिअम आणि सोडिअम इतके उतावीळ की प्रयोगशाळेत त्यांना रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं लागतं. सोनं कुणाला काही देत नाही, म्हणून शेकडो वर्षं जमिनीत पुरलेलं नाणंही पिवळंधमक निघतं. बाकीची मंडळी या दोघांच्या मधली. आमच्या घरात ही श्रेणी जिन्याच्या पायऱ्यांसारखी मांडलेली होती, तिला तसं कुणी म्हणत नव्हतं एवढंच. मोरीत जस्ती बादली. चुलीशेजारी लोखंडी तवा, रात्री ओला राहिला की सकाळी गंजलेला. थोरल्याच्या पोटात कथील. त्याखाली हायड्रोजन. हा काही धातू नाही, पण श्रेणीत त्याला शिवेच्या दगडासारखा मध्येच पुरलेला असतो: त्याच्या वरचे धातू आम्लातून त्याला हुसकून बाहेर काढतात, खालच्यांना ते जमत नाही. शिवेपलीकडे तांबं, म्हणजे आमचा पाण्याचा बंब आणि कळशी. मग देवघरातलं चांदीचं निरांजन. आणि अगदी खालच्या पायरीवर आजीच्या गळ्यातल्या दोन वाट्या.

पितळ एका पायरीवर उभं नसतं. त्याचा एक पाय तांब्यावर, दुसरा जस्तावर. साधारण दोन वाटे तांबं आणि एक वाटा जस्त. म्हणजे थोरल्याच्या अंगातच एक हात आखडता घेणारा आणि एक सढळ हाताचा, असे दोघं नांदत होते. पितळी फुलपात्र चिंचेच्या पाण्यात रात्रभर विसरून पाहा. सकाळी ते पिवळं दिसत नाही, तांबूस दिसतं. वरच्या थरातलं जस्त निघून गेलेलं असतं आणि तांबं मागे उरतं.

मी नऊ वर्षांची असेन. श्रावणातला शुक्रवार, सवाष्णी जेवायला, आणि थोरल्यात ताकाची कढी. चैत्रात कल्हई करायची ती त्या वर्षी राहून गेली होती. दिवाळीची कल्हई झिजत आलेली. काठाच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीचा पट्टा पिवळा दिसू लागला होता. पितळ उघडं पडणं हा शब्दप्रयोग मी माणसांविषयी ऐकला त्याच्या कितीतरी आधी भांड्याविषयी ऐकला. कल्हईवाल्याची वाट पाहणं चालू होतं, पण पाऊस लागून राहिलेला. कढी करून लगेच वाढली, तोवर काही बिघडलं नाही. पण ती उरली, सगळ्या दमल्या होत्या, आणि ती तशीच झाकून ठेवली गेली.

सकाळी काकूनं झाकण काढलं. कढी होती तशीच होती. फक्त जिथे तिची पातळी भांड्याला टेकत होती तिथे गोल फिरलेली एक बारीक हिरवट रेघ. काकूनं करंगळीच्या टोकावर थेंब घेऊन जिभेला लावला आणि मोरीकडे धावली.

"कळकली," ती म्हणाली.

कळकणं. या एका शब्दासाठी मी माझ्या भाषेची ऋणी आहे. आंबट पदार्थ पितळेला किंवा तांब्याला लागून राहिला की त्याला जी तुरट, कडवट, जिभेवरून न हटणारी चव येते, तिच्यासाठी मराठीत एक अख्खं क्रियापद आहे. ताक कळकतं, दही कळकतं, चिंचेचं सार कळकतं. पाणी कळकत नाही, भात कळकत नाही. ज्या कुणी बाईनं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला (ती बाईच असणार, मला शंका नाही) तिला आम्ल म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तरी तो कशाला लावायचा आणि कशाला नाही हे तिनं बिनचूक ठरवून ठेवलं.

ती हिरवी रेघ पुढे बरीच वर्षं माझ्या मनात सलत राहिली, कारण पुस्तकाशी तिचा मेळ बसत नव्हता. तांबं शिवेच्या खालचं. परीक्षानळीत तांब्याचा तुकडा घालून वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओता, काहीही होत नाही, एक बुडबुडा येत नाही. त्याच आम्लात जस्त टाका, फसफसून उठतं. मग ताकातलं लॅक्टिक आम्ल, जे त्याच्यापेक्षा कितीतरी दुबळं, त्यानं एका रात्रीत तांबं कसं उतरवलं? उत्तर रेघेच्या जागेत होतं. ती कढीच्या पोटात नव्हती, बुडाशी नव्हती. कढी, भांडं आणि हवा या तिघांची गाठ जिथे पडते तिथेच होती. हवेतला ऑक्सिजन तांब्याला आधी गाठतो आणि त्याचं ऑक्साइड करतो. हे ऑक्साइड आम्लारी असल्यामुळे दुबळं आम्लसुद्धा त्याला सहज विरघळवून नेतं. उघडं पडलेलं तांबं पुन्हा हवेच्या हाती लागतं, आणि रात्रभर हेच चालतं. एकट्या आम्लाला तांबं दाद देत नाही, एकट्या हवेपुढे फार सावकाश नमतं, पण दोघं मिळून आले की त्याचं काही चालत नाही.

आणि जस्त? त्याला हवेची वाट पाहायची गरजच नसते. ते त्या रात्री मुकाट्यानं कढीत उतरत राहिलं असणार. त्याच्या क्षारांना रंग नसतो, म्हणून त्याची रेघ उठत नाही. मळमळायला दोन्ही धातू सारखेच लावतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगितलं की वर्गात हमखास कुणीतरी विचारायचं, "बाई, मग हिरवं दिसलं नाही तर खाल्लं तरी चालेल?" हा प्रश्न ऐकला की मला बरं वाटायचं, कारण चुकायची खरी जागा तीच आहे.

आजीनं कढी परसात खड्डा करून ओतली. काकूला कुणी बोललं नाही, थोरल्यालाही नाही. "महिनाभर सांगत होतं ते," पिवळ्या पट्ट्यावरून बोट फिरवत आजी म्हणाली, "आपणच ऐकलं नाही."

थोरलं घासायचं ते अंगणातल्या दगडावर. मोरीत ते मावत नसे. आधी चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. लाकडाच्या राखेत पोटॅशिअमचं कार्बोनेट असतं. ओल्या हाताला ती बुळबुळीत लागते ती त्यामुळे. हा अल्क भांड्यावरच्या तेलातुपाला भिडतो आणि जागच्या जागी थोडासा साबण तयार करतो. म्हणजे आजी साबणानंच भांडी घासत होती, फक्त तो ती तिथल्या तिथे करत होती. आणि त्याच वेळी दगडावर एक रंग फुटायचा. आमटीच्या हळदीचे पिवळे ओघळ राखेचा हात लागला की लालभडक व्हायचे. लहानपणी मी घाबरून विचारलं होतं, "आजी, त्याला लागलं का?" आजी हसली आणि तिनं चिंचेचा चोथा त्या लाल डागावर चोळला. डाग पुन्हा पिवळा झाला. मग राख, पुन्हा लाल. मी पुढे वर्गात लिटमसचे निळे-तांबडे कागद वाटले, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले, पण आम्ल आणि आम्लारी यांच्यातला फरक मला दाखवला तो त्या दगडावर. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेही याच लाल रंगाच्या बळावर.

त्या राखेतल्या पोटॅशिअमविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला आणि एक चमकदार धातू वेगळा केला, जो पाण्याला लागताच पेटायचा. पोटॅश पूर्वी मिळायचं ते लाकडाच्या राखेपासून. राखेचं पाणी भांड्यात आटवून. पोटॅशिअम या नावात ते भांडं आणि ती राख दोन्ही आहेत. श्रेणीतला सगळ्यात उतावीळ धातू आपलं सारं देऊन, शांत होऊन आजीच्या मुठीत यायचा आणि थोरल्याची पाठ चोळायचा.

राखेनंतर चिंच. ती फक्त बाहेरून. चुलीच्या धगीनं पितळेवर ऑक्साइडचा काळपट थर चढतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल, जोडीला चिमूटभर मीठ, तो विरघळवतं आणि खालचं पिवळं उजळतं. काजळीवर मात्र यातलं काहीच चालत नाही. काजळी म्हणजे कोळसा, तिला ना आम्लाची पर्वा ना अल्काची. ती हातानं घासूनच काढावी लागते. म्हणून चुलीवर चढवण्याआधी थोरल्याच्या बुडाला मातीचा पातळ लेप द्यायचा, की काजळी मातीवर बसते आणि मातीबरोबर निघून जाते. बाहेरून हे सगळे सोपस्कार, पण आतून नुसती मऊ राख आणि तळहात. आत चिंच का नाही, तर आत कथील. आम्ल त्यालाही खातं, सावकाश खातं, आणि तो थर कागदाहून पातळ.

कल्हईचा दिवस हा थोरल्याचा खरा दिवस. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि चैत्रात, चौकात पिंपळाखाली हाक उठायची, "कल्हऽऽई!" सगळ्या वाड्यांतून भांडी बाहेर यायची. कल्हईवाले चाचा जमिनीत वीतभर खड्डा खणायचे, त्यात भात्याचं तोंड बसवायचे, वर कोळसे. त्यांचा मुलगा साधारण माझ्याच वयाचा. लहान भांडी तो हातानं साफ करायचा, पण थोरल्यात तो सरळ उभा राहायचा. आत वाळू आणि ओलं फडकं, दोन्ही हात भिंतीला टेकवलेले, आणि कमरेतून डावीकडे-उजवीकडे गिरक्या. थोरल्याला पोटातून घासायची मुभा वर्षभरात फक्त त्यालाच होती.

मग थोरलं आगीवर. चाचा सांडशीनं ते फिरवत राहायचे. एका क्षणी, तो कसा ओळखायचे ते मला कधी कळलं नाही, नवसागराची चिमूट आत भिरकावायचे. भसकन पांढरा धूर. नाकातून थेट डोक्यात जाणारा. आम्ही मुलं खोकत मागे सरायचो आणि लगेच पुन्हा पुढे यायचो, कारण पुढचं काही पळांत उरकायचं. कथलाची कांडी तापल्या पितळेला टेकली की तिचं टोक वितळून थेंब व्हायचा. चाचा कापसाचा बोळा घेऊन तो थेंब फिरवायचे, आणि त्यांच्या हातामागून चांदी पसरत जायची. पिवळं, पिवळं, आणि हात गेला की पांढरं. मग थोरलं पाण्यात. चर्रर्र. त्यानंतर आतमध्ये डोकावलं की स्वतःचा चेहरा दिसायचा, पिंपळाची पानं दिसायची.

त्या धुराचं मला आजही नवल वाटतं. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड, एका आम्लाचा आणि एका आम्लारीचा क्षार. दोघं एकमेकांत इतके मुरलेले की चिमूट हातावर घेतली तरी काही होत नाही. धग लागली की ते वेगळे होतात: एक हायड्रोजन क्लोराइड, एक अमोनिया. पितळ तापताना त्याच्यावर चढलेला ऑक्साइडचा थर हे आम्ल तिथल्या तिथे खाऊन टाकतं, कारण कथील ऑक्साइडला धरत नाही, त्याला निव्वळ धातूच लागतो. काम झालं की उरलेलं आम्ल आणि अमोनिया वर उठतात, हवेत थंड होतात आणि पुन्हा एकमेकांना सापडतात. तो पांढरा धूर म्हणजे पुन्हा जुळलेला नवसागर. वर्गात मी दोन बाटल्या जवळजवळ ठेवून बुचं काढायची, एकीत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत अमोनियाचं द्रावण, आणि मध्ये, कुठल्याच बाटलीत नसलेला, पांढरा धूर उगवायचा. पोरं टाळ्या वाजवायची. मला पिंपळ आठवायचा.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ अंशांना. या अंतरावरच कल्हईचा सगळा कारभार चालतो, आणि थोरल्याचं रिकामं चुलीवर न बसण्याचं पथ्यही त्यातलंच. आत पाणी आहे तोवर बूड शंभर अंशांच्या फार वर जात नाही. रिकामं तापलं की कल्हई वितळून तिचे मणी होतात. फोडणी आमच्याकडे लोखंडी पळीत व्हायची आणि वरून थोरल्यात पडायची. तापल्या तेलाचा चटका कल्हईला त्यामुळे कधी बसला नाही.

कथलात शिसं मिसळायची लबाडी तेव्हाही चालत असे. शिसं स्वस्त, आणि पोटात गेलं तर विष. आजीनं एकदा चाचांना तसं स्पष्ट विचारलं. ते रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून नवी कांडी काढली, मला जवळ बोलावलं, कांडी माझ्या कानाशी धरली आणि हळूच वाकवली. आतून करकर आवाज आला, सुकं पान चुरगळल्यासारखा.

"हे कथील," चाचा म्हणाले. "बोलतं. शिसं मुकं असतं, बेटा."

शुद्ध कथलाची कांडी वाकवली की तिच्यातले स्फटिक घसरतात आणि ते ऐकू येतं, हे पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा माझ्या कानात तोच आवाज होता.

कथलाची जागा थोरल्याच्या पोटातच का, हे श्रेणीवरून पाहण्यासारखं आहे. कथील तांब्यापेक्षा जरा सढळ, लोखंडापेक्षा जरा हात राखून. कल्हईवर ओरखडा उठला आणि खालचं तांबं उघडं पडलं तर दोघांत आधी झिजतं ते कथील. शेजारच्याला ते थोडा काळ वाचवतं. तेच कथील लोखंडी पत्र्यावर चढवलं, जसं वनस्पती तुपाच्या डब्यांना असायचं, की नातं उलटं होतं. ओरखडा उठलेला डबा पावसात ठेवला तर कथील तसंच राहतं आणि लोखंड भराभर गंजतं. त्याच पावसात जस्ती बादली टिकते, कारण जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. कथील हा एकच धातू, एकाचा पाठीराखा आणि दुसऱ्याच्या जिवावर उठलेला. कुणाच्या शेजारी बसवलं त्यावर ठरतं.

वाड्यात ॲल्युमिनिअम आलं ते माझ्या शाळकरी वयात. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ मध्ये, एकमेकांना न कळत, हा धातू विजेनं सोडवण्याची एकच रीत शोधली, आणि त्यानंतर तो स्वस्त होत गेला. हलका, पांढरा, कल्हई नको. श्रेणीत तो जस्ताच्याही वर, म्हणजे खरा फारच उतावीळ. पण हवा लागताक्षणी अंगावर ऑक्साइडचं पातळ कातडं ओढून गप्प बसतो. ते कातडं आम्लानंही विरघळतं आणि अल्कानंही. पापडखाराचं पाणी त्यात उकळलं की ते पातेलं आतून काळं पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातच चिंचेची आमटी केली की लख्ख व्हायचं. काळं कुठे गेलं, हे आमटी खाणाऱ्यांना कुणी विचारत नव्हतं. आजीचा त्याच्यावर कधी विश्वास बसला नाही आणि माझाही बसलेला नाही.

स्टीलची गोष्ट निराळी. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमिअम घातलेलं पोलाद ओतलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलमध्ये शंभरात साधारण अठरा भाग क्रोमिअम आणि आठ भाग निकेल असतं. क्रोमिअमचं ऑक्साइड त्याच्यावर असं बसतं की ओरखडा उठला तरी हवेत पुन्हा भरून येतं. चिंच, ताक, राख, साबण, काहीही चालतं. मी स्टीलला नावं ठेवणार नाही. राखेनं फाटलेले बायकांचे हात मी पाहिले आहेत. स्टील आल्यावर वाचलेल्या वेळात माझ्या आईनं बी.ए. केलं आणि नोकरी धरली. त्या एका वर्षात बंब, दोन हंडे आणि मोठी परात मोडीत गेली आणि बदल्यात स्टीलचे डबे आले. थोरलं तेवढं राहिलं, कारण मावशीचं लग्न ठरलं होतं आणि आमटीला तेच लागणार होतं.

आता ते माझ्याकडे आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, धुण्याच्या यंत्राच्या वरच्या कप्प्यात. मधली बारा-पंधरा वर्षं कल्हई नव्हती. मी त्यात पाणी भरून कमळं लावली होती, हे कबूल करते. गेल्या वर्षी धाकट्या नातीचं बारसं घरीच करायचं ठरलं आणि मला थोरल्यातली आमटी हवीशी वाटली. पितळ उष्णता स्टीलच्या साधारण सातपट वाहतं. त्यातली आमटी एका जागी गदगदत नाही, सगळीकडून सारखी उकळते, बुडाला लागत नाही. तो दाटपणा मी स्टीलमध्ये आणू शकलेले नाही.

कल्हई करणारे जुन्या नाशकात सापडले, हाक देत फिरणारे नव्हेत, दुकानात बसणारे. भात्याच्या जागी विजेवरचा पंखा होता. कथील आता तांब्याहून महाग आहे. थोरल्याचं पोट पाहून त्यांनी भाव सांगितला आणि मी मान डोलावली. नवसागर पडला, धूर उठला. मी एकाहत्तर वर्षांची, मागे सरले आणि पुढे झाले. कांडी हातात घेऊन पाहू का, असं मी विचारलं. त्यांनी दिली. मी ती कानाशी नेऊन जरा वाकवली.

बोलली.

बारशाला चाळीस माणसं जेवली. फोडणी लोखंडी पळीतच केली. चिंच-गुळाची आमटी दुपारी दोनला संपत आली होती, तरी तळाशी चार वाट्या उरली. सून म्हणाली, "आई, राहू दे तशीच, रात्री बघू." मी ती लगेच स्टीलच्या डब्यात काढली, थोरल्यात काठोकाठ पाणी भरलं आणि झाकण ठेवलं. राख आता घरात नसते. भांड्यांच्या साबणाचा हात बाहेरून फिरवला, तर बेसिनच्या पांढऱ्या चिनीमातीवर हळदीचा एक ओघळ लाल होत खाली उतरला, आणि मोठी नात स्टुलावर चढून बघायला आली.